पावणेअकरापर्यंत

"ती दुपार दे गं जरा."

कप्तान इंजिनच्या खोक्यात कमरेपर्यंत शिरले होते. बाहेर आला तो नुसता हात. तळवा वर, बोटं काळी.

हत्यारांच्या पेटीशी मांडी घालून बसलेल्या काकू फसकन हसल्या. "दुपार? ही कोण आणखी नवीन?"

"दुपार गं. दुपार!"

बोटींच्या यार्डातला कॉम्प्रेसर नुकताच चहाच्या सुट्टीसाठी बंद झाला होता. सकाळपासून कानात बसलेली घरघर एकदम गेली की माणूस उगाचच मोठ्याने बोलतो. कप्तान तसेच ओरडत होते. काकूंनी पेटीवर नजर फिरवली. दुपार म्हणजे काय असेल? लांबलचक, संपता न संपणारी. त्यांनी सगळ्यात लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि त्या तळव्यावर ठेवला.

"ही घ्या तुमची दुपार. डुलकी काढू नका हं तिच्यावर."

हात आत गेला.

यात हसण्यासारखं काय, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. लोक माणसांना नावं ठेवतात, हे दोघं नवरा-बायको वस्तूंना ठेवायचे. अकरा वर्षं ही शिडाची बोट दोघं मिळून उभी करत होते आणि बोटीवरच्या एकाही वस्तूला तिच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारत नव्हतं. मोठा पाना म्हणजे जावई. वर्षातून दोनदा लागतो, पण आला की सगळ्यांनी उठून जागा करून द्यायची. घासायचं मशीन म्हणजे हेडक्लार्क. आवाज सगळ्यात जास्त, काम बोटभर, आणि धूळ दुसऱ्याच्या अंगावर. वर चढायची पत्र्याची शिडी म्हणजे आत्याबाई, पाऊल ठेवलं की कण्हायला सुरुवात. व्हार्निशचा ब्रश म्हणजे मोठी वहिनी. एकदा कडक झाली की जन्मात मऊ होत नाही.

नवीन नाव कप्तान टाकायचे. काकूंनी "का हो?" विचारायचं. मग ते डावी भुवई वर करून, ओठ दाबून, थोडं थांबायचे. काकूंचा जीव पुरता टांगून झाला की मग कारण सांगायचे. ते थांबणं हाच खरा माल होता. कारण कधी कधी अगदीच पांचट असायचं.

कप्तान हे नावसुद्धा यार्डातल्या वेल्डरने चेष्टेत ठेवलेलं. माणूस मूळचा लिफ्ट मेकॅनिक. चौतीस वर्षं अंधाऱ्या खड्ड्यांत उतरून ग्रीस लावलं, दोर बदलले, अडकलेल्या माणसांना "घाबरू नका, दार पिटू नका" असं वरून ओरडून सांगितलं. निवृत्त व्हायच्या आधीच यार्डाच्या कोपऱ्यात पडलेला, आत गवत उगवलेला हा सांगाडा त्यांनी घेतला. लोकांनी विचारलं, अहो, हे काय खूळ? तर म्हणाले, "आयुष्यभर वर-खाली केलं. आता जरा आडवं जाऊ म्हणतो."

आडवं म्हणजे समुद्रापार. वीस दिवस, वारं पडलं तर पंचवीस. मध्ये जमीन नाही. वारं अनुकूल असतं ते वर्षातले सहाच आठवडे. यंदाचे सहा आठवडे महिन्यावर आले होते. क्रेन बुधवारची ठरली होती, म्हणजे बोट पाण्यात उतरायला बरोबर नऊ दिवस. कप्तान चौसष्टचे, काकू साठीच्या. यंदा नाही तर पुढच्या वर्षी, असं म्हणायचं वय राहिलं नव्हतं. दोघांनाही ते माहीत होतं. बोलत कुणी नव्हतं.

"आता त्याला पाऊस लाव," खोक्यातून आवाज आला.

"काय लावू?"

"पाऊस. उलटा पाऊस."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. "अहो, आज कवी झालात की काय! सांगा तरी, पाऊस म्हणजे कोण? ग्रीसचा डबा?"

काकूंनी ग्रीसचा डबा सरकवला. हाताने तो बाजूला लोटला.

"ते... त्या खुर्चीचं... काय गं ते. सोमवार."

"सोमवार!" काकूंनी मांडीवर थाप मारली. "सोमवार मी काय ओळखत नाही का? एकोणतीस वर्षं हॉस्पिटलच्या खिडकीत बसले, सोमवार म्हणजे गर्दी. थांबा, नट-बोल्टचा डबा ना? हा घ्या. अख्खा सोमवार घ्या."

त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला. इतकी वर्षं कारणं कप्तान सांगायचे, आज त्या सांगत होत्या. दुपार लांब, सोमवार गर्दीचा. आपल्यालाही जमतं की.

असा अर्धा तास गेला. आत काहीतरी ठणठणत तळाला गेलं. स्क्रू ड्रायव्हर पडला होता. काकूंनी दुसरा दिला. तोही पडला.

"घट्ट धरा की जरा. दुपार आहे ती, पळून नाही जात."

मग कप्तान मागे मागे सरकत बाहेर आले. गुडघ्यांवर बसले. काकूंकडे वळले. काकू हसत होत्या म्हणून तेही हसत होते. पण हसू अर्धंच होतं. तोंडाची डावी बाजू वर गेली होती आणि उजवी बाजू कुणीतरी ओल्या फडक्याने पुसून काढल्यासारखी सपाट. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, तिथे विसरून ठेवल्यासारखा.

काकूंचं हसणं लगेच थांबलं नाही. ही गोष्ट त्या पुढे कुणालाही सांगणार नव्हत्या. चेहरा दिसला, कळलंसुद्धा, आणि तरी तोंडातून हसू आणखी दोनदा बाहेर पडलं. थांबवायचं कसं हेच क्षणभर आठवेना.

"अहो?"

"सोमवार," कप्तान म्हणाले. आणि डोळ्यांनी विचारलं, की मी बरोबर बोलतोय ना?

*

काकू ओरडल्या तशी वेल्डर चहाचा कप टाकून शिडीवर आला. त्याने एक नजर टाकली आणि खाली क्रेनवाल्याला हाक मारली.

बोट जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर, टेकूंवर उभी. शिडी उभट. असा माणूस शिडीवरून उतरवायचा कसा? वेल्डर म्हणाला खांद्यावर घेतो. क्रेनवाला म्हणाला, "वेड लागलंय का, दोघंही खाली याल." मग डोलकाठीवर चढण्यासाठी कप्तानांनी स्वतः शिवलेली बसायची पट्टी काढली, त्यात त्यांना बसवलं, कमरेला दोर घेतले आणि क्रेनचा हुक वर आला.

हुक अडकवला. क्रेनवाला हात वर करून "सोडू?" म्हणाला. तेवढ्यात कप्तानांचा डावा हात उठला. बोटं चाचपडत हुकापर्यंत गेली. खिटी नीट बसली आहे की नाही ते त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं. एकदा, परत एकदा. मग मान हलवली.

वेल्डरने तोंड फिरवलं. क्रेनवाल्याने त्यांना असं खाली घेतलं, की भरलेला ग्लास असता तरी हिंदकळला नसता.

खाली वेल्डरची व्हॅन होती. मागच्या सीटवर कप्तानांचं डोकं मांडीवर घेऊन काकू बसल्या. त्या हॉस्पिटलचं नाव, गल्ली, मागचं दार, सगळं सांगत होत्या. आवाज एकदम खिडकीतला, "पुढचा नंबर" म्हणतानाचा. वेल्डर गाडी हाकत होता आणि घाबरून बडबडत होता.

"मला ना काकू, खाली सगळं ऐकू येत होतं. तुमचं हसणं. मी म्हटलंसुद्धा क्रेनवाल्याला, आज वर जोरात चाललंय दोघांचं."

काकू कप्तानांच्या बोटांवरचं ग्रीस पुसत राहिल्या.

"म्हणजे... सॉरी काकू."

"सिग्नलला डावीकडे घे," काकू म्हणाल्या.

*

एकोणतीस वर्षं काकू त्या हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीत बसल्या होत्या. नाव, वय, काय होतंय, कधीपासून. पाचवा प्रश्न कधी लागला नाही. लोक वेदनेने वाकलेले असायचे, आणि काकू पेन टेकवून म्हणायच्या, "ते कळलं हो, पण कधीपासून? तारीख-वेळ सांगा." कितीतरी लोक सांगू शकायचे नाहीत. "सकाळपासून बहुतेक... काल पण जरा..." आणि काकू मनात म्हणायच्या, घरातल्या माणसाचं इतकंही लक्ष नसतं का?

आज खिडकीच्या आतल्या मुलीने मान वर न करता विचारलं, "कधीपासून?"

काकूंचा हात सवयीने पेन शोधायला गेला.

"मॅडम, कधीपासून?"

आतून एक डॉक्टरीणबाई पळत आल्या. वयाने काकूंच्या लेकीपेक्षा लहान. त्यांनी कप्तानांना हात वर करायला सांगितला, डोळ्यांपुढे बोट फिरवलं, पेन दाखवून "हे काय आहे, काका?" विचारलं.

कप्तान पेनाकडे खूप वेळ बघत राहिले. कपाळावर घाम आला. "हे," ते म्हणाले. "हे... रविवार... नाही. नाही." त्यांनी डावी मूठ आपल्याच मांडीवर आपटली.

त्यांना स्कॅनला नेलं. डॉक्टरीणबाईंनी काकूंना भिंतीशी घेतलं आणि भराभर बोलायला लागल्या.

"काकू, मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ अडकलीये असं दिसतंय. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे आपल्याकडे. पण त्याला वेळेचं बंधन आहे. त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तास. त्याच्या पुढे दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, माणूस जातो. म्हणून मला नेमकं हवंय. शेवटचे ठणठणीत कधी होते? आत्ता साडेबारा झालेत."

"सकाळी," काकू म्हणाल्या.

"सकाळी किती वाजता?"

"थांबा."

"काकू, चुकीचं बोलायला कधी लागले?"

आणि तिथे काकू अडकल्या. कारण चुकीचं बोलणं तर अकरा वर्षं चाललं होतं. या माणसाने आज सकाळी साडेसातला चहाचा कप पुढे करून म्हटलं होतं, "हे घे तुझं पेन्शन." तो विनोद होता का? आणि तो विनोद नसेल, तर? साडेसात ते साडेबारा, पाच तास. म्हणजे इंजेक्शन नाही. म्हणजे हा माणूस जन्मभर पेनाला रविवार म्हणणार. आणि विनोद होता म्हणून सांगितलं, आणि नसला, तर इंजेक्शननेच जाणार.

"डॉक्टर," काकू म्हणाल्या, "आमच्याकडे ना, आम्ही वस्तूंना... ते नेहमीच असं बोलतात."

"म्हणजे आधीपासून त्रास आहे?"

"नाही हो! त्रास नाही. मजा आहे."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. अशा नजरेने काकूंनी स्वतः खिडकीतून हजारो लोकांकडे पाहिलेलं होतं.

काकूंनी डोळे मिटले. भिंतीला पाठ लावली आणि सकाळ पहिल्यापासून उलगडायला घेतली. कप पुढे केला. "हे घे तुझं पेन्शन." आपण पेपर वाचत होतो, "का हो" विचारलंच नाही. मग? मग ते थांबले होते. कप हातात धरून. भुवई... हो. भुवई वर होती. आपण लक्ष देत नाही म्हणून स्वतःच म्हणाले, "उशिरा येतं आणि कोमट असतं." मग वैतागून बिस्किटाचा पुडा ओढला. ठीक. साडेसातला ठीक.

नऊला यार्डात. शिडी चढताना आत्याबाईंची चौकशी केली. जुनं नाव. दहाला व्हार्निश. मोठी वहिनी आज बऱ्या मूडमध्ये आहेत म्हणाले आणि आपण हसेपर्यंत ब्रश हवेत धरून उभे राहिले. ठीक. मग इंजिनच्या खोक्यात शिरले. डोकं दुखतंय म्हणाले. थिनरच्या वासाने, असंही म्हणाले. महिनाभर तेच म्हणत होते. उजव्या हाताला मुंग्या येतात, हेडक्लार्कच्या थरथरीने. महिनाभर. आणि मीसुद्धा हॉस्पिटलात एकोणतीस वर्षं काढून म्हणत होते, हो, वासानेच असेल.

दुपार.

दुपारला ते थांबले नाहीत. "ही कोण नवीन?" विचारलं तेव्हा भुवई दिसली नाही, ते खोक्यात होते, पण थांबले नाहीत. लगेच परत म्हणाले, दुपार. चिडून म्हणाले. विनोद करणारा माणूस चिडत नाही. पावसाला थांबले नाहीत. सोमवारला थांबले नाहीत. कारण कुठलंच त्यांनी सांगितलं नाही. सगळी कारणं मी सांगितली.

दुपार म्हणाले तेव्हा कॉम्प्रेसर नुकताच थांबला होता.

"पावणेअकरा," काकू डोळे उघडून म्हणाल्या.

"नक्की?"

"यार्डातला कॉम्प्रेसर रोज पावणेअकराला बंद होतो. त्यानंतर लगेच. दोन मिनिटंसुद्धा नाही."

"त्याआधी पूर्ण ठीक होते? काकू, मला अंदाज नकोय."

"त्याआधी ते विनोद करत होते."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर नुसती मी हसत होते."

डॉक्टरीणबाई वळल्या आणि कॉरिडॉरमध्ये कुणालातरी ओरडून सांगितलं, "पावणेअकरा लिहा."

कागद पुढे आला. काकूंनी सही केली. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं याची त्यांना लाज वाटली.

मग बाकावर बसून राहायचं. लेकीचा फोन आला. दूरच्या शहरात नोकरीला. तिनेही तेच विचारलं, "आई, कधी झालं?"

"पावणेअकराला."

"आणि हॉस्पिटलात?"

"सव्वाबाराला पोचलो."

"दीड तास? आई, मध्ये दीड तास काय करत होतात?"

"उतरवायला वेळ लागला," काकू म्हणाल्या. ते खरं होतं. अर्धं. पावणेअकरापासून सव्वाअकरापर्यंतचा अर्धा तास त्यांनी लेकीला सांगितला नाही.

*

इंजेक्शन लागू पडलं. तिसऱ्या दिवशी नर्सने चमचा दाखवला तर कप्तान म्हणाले, "चमचा." आणि रडले. सहाव्या दिवशी घरी सोडलं. उजव्या हाताची पकड अजून ढिली, पाय जरासा ओढत, तोंड मात्र सरळ.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी चित्रांचा एक गठ्ठा दिला होता. सकाळ-संध्याकाळ काकू चित्र धरायच्या, कप्तान नाव सांगायचे. खिडकी. छत्री. कुलूप. टॉवेल. पहिलीच्या वर्गासारखं. एखादं नाव जिभेवर येऊन थांबलं की काकूंचा श्वास थांबायचा. आलं की दोघांचा मिळून सुटायचा.

रक्तदाब मोजायचं यंत्र घरात आलं होतं. एका सकाळी काकू पट्टा दंडाला गुंडाळत होत्या. फुस्स फुस्स करत पट्टा फुगला, आवळला, मग सुस्कारा टाकून सैल पडला. कप्तान त्याच्याकडे बघत होते.

"अगं," ते म्हणाले, "ही तर आपली..."

आणि थांबले. डावी भुवई वर गेली.

काकूंच्या हातातला पंपाचा फुगा खाली पडला. चेहरा पांढराफटक. तोंडातून शब्द आला, "कोण? काय म्हणालात? परत बोला. परत बोला आधी!"

कप्तानांनी त्यांच्याकडे पाहिलं. भुवई हळूहळू खाली आली.

"रक्तदाब मोजायचं यंत्र," ते म्हणाले. एकेक अक्षर सुटं करून, समोरच्याला नीट ऐकू जाईल असं.

त्यानंतर त्यांनी कशालाच नाव ठेवलं नाही. पान्याला पाना म्हणायचे. शिडीला शिडी.

बुधवार टळला होताच. क्रेनवाल्याने निरोप धाडला, की फार तर पुढच्या बुधवारपर्यंत थांबतो, मग क्रेनची दुरुस्ती निघतेय, पुढे चार महिने काही हलणार नाही. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, वर्षभर समुद्राचं नाव काढायचं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. परत गाठ आली तर तासाभरात हॉस्पिटल हवं. आणि नुसतं खरचटलं तरी रक्त लवकर थांबणार नाही.

घरी चपला काढता काढता कप्तान म्हणाले, "वर्ष म्हणजे काय ते तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"पासष्ट."

"मोजता येतं मला."

"मी ठीक आहे. बोलतोय. चालतोय. हात येईल महिन्यात. दोर तू ओढशील, सुकाणू मी धरीन. अकरा वर्षं, अगं..."

"आणि दहाव्या दिवशी," काकू म्हणाल्या, "चारी बाजूंनी पाणी, आणि तुम्ही मला म्हणालात, दुपार दे. मी काय करायचं? सांगा ना. काय करायचं मी?"

कप्तान खुर्चीत बसले.

"हसायचं," ते म्हणाले.

"गंमत करू नका!"

"गंमत नाही करत." शब्द शोधत, मध्ये मध्ये थांबत ते बोलत राहिले. "मला कळत होतं. खोक्यात. मला पाना हवा होता आणि तोंडातून भलतंच येत होतं. मला ऐकू येत होतं भलतं येतंय ते. मी घाबरलो होतो. फार. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं कशी... तसं. पण वरून तुझं हसू येत होतं. म्हटलं, ही हसतेय, म्हणजे तेवढं काही झालेलं नाही. हसतेय तोवर..." पुढचा शब्द आला नाही. त्यांनी हात हलवून तो सोडून दिला.

हे ऐकून काकूंना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतके दिवस वाटत होतं, आपण हसत होतो तेव्हा त्यांना काही कळत नव्हतं. आता कळलं की ते आतून ऐकत होते. अर्धा तास एक माणूस अंधारात दार पिटत होता आणि बाहेरून आपण खळखळून दाद देत होतो. त्या उठून मोरीत गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या.

बाहेर आल्या तेव्हा चेहरा पुसलेला होता.

"यंदा नाही," त्या म्हणाल्या. "पण बोट बुधवारी पाण्यात जाणार. टेकूंवर आणखी एक वर्ष मला ती बघवणार नाही. समोरच्या धक्क्याला बांधून ठेवू."

"दोनशे हात लांब," कप्तान म्हणाले.

"दोनशे तर दोनशे. आडवीच जाईल ना?"

कप्तानांनी त्यांच्याकडे पाहिलं. हसायचं की नाही हे दोघांनाही ठरवता आलं नाही.

*

यार्डाचा एक नियम होता. बोट पाण्यावर टेकली तरी क्रेनचे पट्टे लगेच सोडायचे नाहीत. मालकाने आत जाऊन तळाचा एकेक जोड तपासायचा. पाणी येत असेल तर तशीच उचलून परत जमिनीवर.

कप्तानांना चढायची मनाई. काकूंनी बॅटरी कमरेला अडकवली आणि बोट हवेत उचलायच्या आधी एकट्या वर गेल्या. वेल्डरने खाली धक्क्यावर प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. कप्तान बसले, दोन्ही हात काठीवर.

बोट उठली. पट्टे करकरले. अकरा वर्षं मातीवर उभं राहिलेलं ते धूड यार्डावरून तरंगत गेलं आणि खाली, खाली, पाण्याला टेकलं. धक्का बसेल असं काकूंना वाटत होतं. बसला नाही. पायाखालची फळी फक्त किंचित मऊ झाल्यासारखी वाटली.

त्यांनी फरशीच्या फळ्या उचलल्या आणि पोटावर आडव्या झाल्या. बॅटरी तोंडात धरून पहिल्या जोडावर हात फिरवला. मग दुसऱ्या. इंजिनच्या खोक्यात डोकं घातलं, खांदे घातले, शेवटच्या जोडापर्यंत बोटं नेली. कान लाकडाला लागला. पलीकडून, बोटभर जाडीच्या पलीकडून, काहीतरी चुळूक चुळूक वाजत होतं. हा आवाज या बोटीत यापूर्वी कधी आला नव्हता.

"पाणी?" बाहेरून कप्तानांची हाक आली. शब्द बरोबर, स्पष्ट, खणखणीत.

काकूंनी बॅटरी तोंडातून काढली. "नाही!"

क्रेनवाला ओरडला, "काय कप्तान, सोडू का पट्टे?"

"थांब जरा," कप्तान म्हणाले. थोड्या वेळाने परत, "पाणी?"

"नाही!"

"अहो, झाली की पंधरा मिनिटं," क्रेनवाला कुरकुरला. "मागे दोन बोटी ताटकळल्यात." वेल्डरने त्याला खांद्यावर हात ठेवून गप्प केलं.

काकूंनी परत एकदा सगळे जोड चाचपले. कोरडे. बोटं नाकाशी नेली, व्हार्निशचा वास. आता उठायला हरकत नव्हती. त्या उठल्या नाहीत. अंधारात, लाकडाला गाल लावून पडून राहिल्या.

"पाणी?"

"नाही," काकू म्हणाल्या, आणि पुढच्या हाकेकडे कान लावून तशाच राहिल्या.